छत पडलेला मठ आणि गिलावा उतरवलेलं चर्च

गोव्याला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, काय काय पाहिलं? उत्तर ठरलेलं असतं. बागा, कळंगुट, आग्वादचा किल्ला आणि परतीच्या दिवशी बसला अजून वेळ होता म्हणून ओल्ड गोवा. तिथे काय पाहिलं? "चर्च पाहिलं. लाल दगडाचं, जुनं. संतांचं शव ठेवलंय ना, ते." झालं! इतिहास संपला.

पण मित्रहो, आपण इंजिनिअरिंगची मंडळी. इमारत पाहिली की ती उभी कशी राहिली आणि शेजारची का पडली, एवढं तरी विचारायला हवं. जुने गोवे हे गाव या प्रश्नासाठी एखाद्या प्रयोगशाळेसारखं आहे. एकाच काळात, एकाच दगडात, एकाच चुन्यात बांधलेल्या दोन धर्मवास्तू तिथे चालत दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. एकीचा आज फक्त अर्धा मनोरा उरलाय. दुसरी आजही भक्कम उभी आहे आणि तिच्यात रोज प्रार्थना होते. पहिली पडली कारण तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. दुसरीचं दुखणं उलटं आहे. तिच्याकडे एका तज्ज्ञाने जरा जास्तच लक्ष दिलं! ते दुखणं अजून बरं झालेलं नाही आणि त्यावर काय करायचं हा वाद आजही चालू आहे. त्या वादाला हात घालण्याआधी इतिहास बघू.

डोंगरावरचा मठ

युरोपात मध्ययुगात मोठमोठे मठ होते. मठ म्हणजे संन्यस्त मंडळींची वस्तीच. राहायच्या खोल्या, भोजनगृह, ग्रंथालय, दवाखाना आणि या सगळ्याच्या मधोमध मठाचं भव्य चर्च. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा ही परंपरा त्यांच्याबरोबर आली. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट असे एकेक पंथ येत गेले. ऑगस्टिनियन पंथाचे मठवासी १५७२ साली आले आणि त्यांनी जुन्या गोव्यातली एक टेकडी धरली. पोर्तुगीज तिला मोंते सांतो म्हणत, म्हणजे पवित्र टेकडी.

या टेकडीवर त्यांनी १५९७ ते १६०२ या काळात 'नोसा सेन्योरा दा ग्रासा', म्हणजे अवर लेडी ऑफ ग्रेस हे चर्च बांधलं. आठ उपप्रार्थनागृहं, चार वेद्या आणि लागून मठाच्या असंख्य खोल्या. दर्शनी बाजूचे मनोरे पाच मजल्यांचे. आज जो अर्धवट मनोरा दिसतो त्याचीच उंची सुमारे ४६ मीटर आहे. आपल्याकडच्या पंधरा मजली इमारतीएवढं समजा. आणि हे सगळं लोखंड नाही, सिमेंट नाही, फक्त जांभा दगड आणि चुना यांच्या जोरावर! आतल्या भिंतींवर रंगीत चकचकीत टाइल्स होत्या. पोर्तुगीज भाषेत त्यांना अझुलेजो म्हणतात. काही ठिकाणी त्यांचे तुकडे अजूनही भिंतीला चिकटलेले दिसतात.

मग असं काय झालं की ही वास्तू कोसळली? शत्रूने तोफा डागल्या? भूकंप झाला? तसलं काही नाही. एक सरकारी आदेश आला, बस्स.

सात पावसाळे

१८३४ साली पोर्तुगालमध्ये उदारमतवादी सरकारने सर्व पुरुष धार्मिक पंथ बरखास्त केले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. १८३५ मध्ये हा आदेश गोव्यात लागू झाला. ऑगस्टिनियन मठवासींना टेकडी सोडावी लागली. एव्हाना जुने गोवे हे शहरही साथीच्या रोगांनी ओस पडत आलं होतं. व्हाइसरॉयने आपला मुक्काम केव्हाच हलवला होता. १८४३ मध्ये तर पणजी अधिकृतपणे राजधानी झाली.

मठ रिकामा झाला १८३५ ला. चर्चचं कमानी छत कोसळलं १८४२ ला.

हिशेब करा. फक्त सात वर्षं. त्याआधी दोनशेहून अधिक वर्षं जे छत टिकलं ते मालक गेल्यावर सात पावसाळ्यांत खाली आलं. याचं उत्तर आपल्याच अभ्यासक्रमात आहे, म्हणून जरा आकडेमोड करू. घाबरू नका, पेपरला येणार नाही.

आधी बघू की एवढा उंच मनोरा स्वतःच्याच वजनाने चिरडेल का. जांभ्याच्या बांधकामाचं वजन घनमीटरला २० किलोन्यूटन धरू. उंची ४६ मीटर. सरळसोट भिंत मानली तर तळाशी येणारा दाब म्हणजे २० गुणिले ४६, ९२० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. म्हणजे साधारण ०.९ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. आता बांधकामाच्या जांभ्यासाठीचं भारतीय मानक, आय.एस. ३६२०, काय म्हणतं? दगडाची दाब सहन करण्याची ताकद किमान ३.५ हवी. म्हणजे दगडाकडे जवळपास चौपट जागा शिल्लक आहे. चुन्याचे सांधे दगडापेक्षा कमजोर असतात हे धरलं तरी नुसत्या वजनाने हे बांधकाम चिरडण्याचं कारण नाही.

मग अडचण कुठे? अडचण कमानीत आहे. कमानी छताला खालून तुळई नसते. त्यातला प्रत्येक दगड शेजारच्याला ढकलतो आणि शेवटी सगळा जोर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जातो. तोही नुसता खाली जात नाही, बाहेरच्या दिशेनेही जातो. दोन पत्ते एकमेकांना टेकवून तंबू करा आणि खाली गुळगुळीत टेबल ठेवा. पत्ते बाहेर घसरतात. हा तो आडवा रेटा. भिंती जाड असतील, सांधे घट्ट असतील तोवर भिंती हा रेटा झेलतात. भिंत थोडी जरी बाहेर झुकली तरी कमानीचा माथा खाली बसतो, माथा बसला की रेटा वाढतो, रेटा वाढला की भिंत आणखी झुकते. पुढचं सांगायला नको.

आता यात पाणी घाला. कमानी छतावर लाकडाचं आणि कौलांचं छप्पर असायचं. कौल दरवर्षी फुटतं, सरकतं, माकडं उड्या मारतात, वादळ होतं. मठात माणसं राहत होती तोवर मे महिन्यात कुणीतरी वर चढून कौलं शाकारत असणार, पन्हळीतला पाला काढत असणार. कोकणात आणि गोव्यात घराघरांत हे आजही चालतं. १८३५ नंतर ते काम करणारं कुणी उरलं नाही. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एका फुटक्या कौलातून पाणी आत येतं, लाकूड कुजतं, शेजारची कौलं ढासळतात. मग पाणी थेट कमानीच्या पाठीवर साठतं, सांध्यांतला चुना धुपतो, फटीत पिंपळ रुजतो. पिंपळाचं मूळ सांध्यात शिरलं की पाचरीचं काम करतं. सात वर्षं पुरे झाली.

छत गेल्यावर भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारं काही राहिलं नाही. तरी दर्शनी बाजू ऐंशी-नव्वद वर्षं टिकली. १९३१ मध्ये तीही मनोऱ्याच्या अर्ध्या भागासह कोसळली. उरलं ते आपण पर्यटक म्हणून पाहतो.

या मठाची घंटा मात्र वाचली. ती आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आली. पणजीच्या बागेसमोर पांढऱ्या जिन्यांचं जे चर्च आहे ना, सिनेमांत हमखास दिसतं, तेच. तिथल्या घंटेचा आवाज हा या पडलेल्या मठाचा आवाज आहे.

त्याच वेळी फ्रान्समध्ये

आता एक योगायोग पाहा. गोव्यातलं छत पडायच्या दोन वर्षं आधी, १८४० साली, फ्रान्समध्ये व्हेझले गावच्या मठाचं चर्चही नेमकं याच दुखण्याने पडायच्या बेतात होतं. हे चर्च बाराव्या शतकातलं, अस्सल मध्ययुगीन. राज्यक्रांतीत त्याची मोडतोड झाली, मग देखभाल राहिली नाही. भिंती बाहेर झुकलेल्या, कमानींना भेगा, आत पाणी. ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक प्रॉस्पर मेरिमे यांनी १८३४ मध्ये ते पाहिलं होतं. त्यांनी त्याबद्दल धोक्याची घंटा वाजवली.

काम कुणाला दिलं? युजीन व्हिओले-ल्-द्यूक नावाच्या एका तरुणाला. वय वर्षं सव्वीस! आपल्याकडे या वयात मुलगा एम.ई.च्या प्रोजेक्टचं सबमिशन पुढे ढकलत असतो. या पठ्ठ्याने आधी कमानींना लाकडी आधार दिले, वरचं वजन हलकं केलं आणि बाहेरून टेकू देणाऱ्या भिंती नव्याने बांधल्या. म्हणजे आडव्या रेट्याला उत्तर दिलं. काम १८५९ पर्यंत चाललं. व्हेझलेचं चर्च आजही उभं आहे आणि १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

दोन्ही इमारतींचा आजार एक होता. फरक एवढाच की एका ठिकाणी भेग दिसल्यावर कुणीतरी अहवाल लिहिला आणि कुणीतरी तो वाचला.

मलब्यातली राणी

"मग आता गोव्यातला मठ पुन्हा बांधून का काढत नाहीत?" हा प्रश्न हमखास येतो. बांधता येईल हो. पण जो बांधाल तो एकविसाव्या शतकातला मठ असेल. मूळचं सविस्तर मोजमाप हाताशी नसताना वरचा भाग अंदाजाने बांधायचा म्हणजे इतिहासाच्या पेपरात मनाची उत्तरं लिहिणं. म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे वेगळा मार्ग धरला. पडलेला मलबा काळजीपूर्वक उपसायचा, भिंतींचे पाय उघडे करायचे, जे आहे ते ढासळू नये म्हणून पक्कं करायचं, आणि त्यापुढे थांबायचं.

या सावकाश कामाचं फळ काय मिळालं पाहा. जॉर्जिया देशाची केतेवान नावाची राणी होती. इराणच्या शाह अब्बासने तिला कैदेत ठेवलं आणि धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझ इथे छळ करून मारलं. तिथे तेव्हा ऑगस्टिनियन पंथाचे मठवासी होते. त्यांनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांपैकी काही १६२७ मध्ये गोव्याच्या या मठात आणल्या. जुन्या पोर्तुगीज नोंदींत जागाही लिहिलेली होती. मठाच्या सभागृहातली अमुक बाजूची दुसरी खिडकी. पण सभागृहच मलब्याखाली गाडलं गेलेलं, खिडकी शोधणार कुठे? जॉर्जियाकडून अनेक वर्षं विचारणा होत होती. मलबा उपसत, नकाशा जुळवत गेल्यावर या शतकाच्या पहिल्या दशकात अस्थी हाती लागल्या. हैदराबादच्या सी.सी.एम.बी. या संस्थेने त्यांची डी.एन.ए. तपासणी केली. २०१३ मध्ये निष्कर्ष आला. आईकडून येणारा जो वंशगट सापडला तो भारतातल्या नमुन्यांत आढळत नव्हता आणि जॉर्जियात आढळत होता. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला. तिथे ही राणी संत मानली जाते.

कल्पना करा, कुणी उत्साहाच्या भरात जे.सी.बी. लावून तो मलबा साफ केला असता तर? चारशे वर्षांपूर्वी लिहिलेली एक ओळ खरी की खोटी, हे कधीच कळलं नसतं.

आता दुसरी इमारत

टेकडी उतरून खाली आलो की बॉम जीझस बॅसिलिका. ही जेझुइट पंथाची. पायाभरणी १५९४ ची, चर्च पूर्ण होऊन त्याचा धार्मिक विधी झाला १६०५ मध्ये. म्हणजे ऑगस्टिनियन चर्चची समवयस्क. भिंतींचा दगड तोच, जांभा. फक्त दर्शनी बाजूच्या कोरीव कामासाठी बेसॉल्ट वापरला आणि तो कुठून आणला? आपल्या वसईहून, समुद्रमार्गे. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, काळ्या दगडात टिकते, हे त्या पाथरवटांना पक्कं माहीत होतं.

जेझुइटांनाही १७५९ मध्ये पोर्तुगीज सरकारने हाकललं. मग ही इमारत का नाही पडली? कारण इथे संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव आहे. लोक येत राहिले, विधी चालू राहिले, दिवाबत्ती होत राहिली. आणि लोक येतात तिथे छत गळायला लागलं की बोंब होते. बोंब झाली की दुरुस्ती होते. इमारत वापरात असणं हीच तिची सगळ्यात मोठी दुरुस्ती असते, असं म्हणायला हरकत नाही. १९४६ मध्ये या चर्चला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. १९८६ मध्ये जुन्या गोव्याची चर्चेस आणि मठ जागतिक वारसा यादीत गेले.

आता मुख्य गोष्ट. आज आपण जे लाल, दगडी बॉम जीझस पाहतो, ते बांधणाऱ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं! भिंतींवर बाहेरून चुन्याचा गिलावा होता आणि चर्च पांढरं होतं. तसे जुने फोटोही आहेत. हा गिलावा १९५० च्या दशकात मुद्दाम काढण्यात आला. काढणारे होते बाल्ताझार कास्त्रो. पोर्तुगालच्या सरकारी वास्तुजतन खात्यातले मोठे अधिकारी. त्या काळी पोर्तुगालमध्ये जुन्या वास्तूंवरचे नंतरचे थर खरवडून दगड उघडा करण्याची पद्धत होती. दगड दिसला की वास्तू प्राचीन आणि भारदस्त वाटते. १९४७ नंतर भारत गोव्यावर हक्क सांगत होता, तेव्हा आपलं इथलं वास्तव्य किती जुनं आहे हे दाखवणं पोर्तुगीज सत्तेलाही हवंच होतं. त्यामुळे गिलावा गेला, लाल जांभा उघडा पडला. आणि पुढच्या सत्तर वर्षांत लाल बॉम जीझस हेच गोव्याचं चित्र होऊन बसलं. पोस्टकार्डावर लाल, कॅलेंडरवर लाल, फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकावरही लाल.

समोरच्या रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल आहे. पांढरंशुभ्र. लोकांना वाटतं, ते नवं असावं किंवा रंगवलेलं असावं. खरं तर मूळ वेष त्याच्याच अंगावर आहे.

जांभ्याला अंगरखा का लागतो?

आपला मावळ-मुळशीचा डोळा काळ्या दगडाला सरावलेला. तिकोना, लोहगड, गावोगावची हेमाडपंती धाटणीची देवळं, सगळीकडे उघडा बेसॉल्ट. देवळावर कुणी ऑइलपेंट फासला तर आपण हळहळतो, आणि तो काढून दगड मोकळा केला की म्हणतो, वा, आता खरं रूप दिसलं. बेसॉल्टच्या बाबतीत हे बरोबरच आहे. घट्ट बेसॉल्ट पाणी पितो तरी किती? वजनाच्या एखादा टक्का.

जांभ्याचं तसं नाही. इंग्रजीत त्याला लॅटेराइट म्हणतात. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये मलबारातल्या दगडासाठी हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने चिरे पाडता येतात. हवेवर वाळला की त्यातली लोहाची संयुगं घट्ट होतात आणि तो टणक होतो. पण पोटात तो पोकळच. लोहाची जाळी आणि जाळीच्या भोकांत मऊ माती, असं त्याचं अंग. मानकाप्रमाणे त्याने वजनाच्या बारा टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेलं चालतं. म्हणजे बेसॉल्टच्या निदान दहापट. उघड्या भिंतीवर पाऊस आदळत राहिला की भोकांतली माती हळूहळू वाहून जाते, जाळी उरते, मग तीही झिजते. ओली-सुकी, ओली-सुकी, असं दरवर्षी. जोडीला शेवाळ आणि बुरशी.

हे जुन्या गवंड्यांना माहीत होतं, म्हणून ते जांभ्यावर चुन्याचा गिलावा चढवत. चुना म्हणजे शिंपले किंवा चुनखडी भट्टीत जाळायची, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरते कळी. कळीवर पाणी घातलं की ती फुलते, हा विरलेला चुना. भिंतीवर लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. शाळेतलं रसायनशास्त्र, पण भिंतीवर.

या गिलाव्याचे गुण दोन. एक, तो पावसाचा मारा स्वतः झेलतो. झिजतो तो गिलावा, दगड वाचतो. दहा-वीस वर्षांनी गिलावा नवा करायचा, दगड मात्र मूळचाच राहतो. सायकलचा ब्रेक रबर झिजतो म्हणून रिम टिकते, तसंच हे. दोन, चुना श्वास घेतो. आत शिरलेला ओलावा उन्हाळ्यात बाहेर सोडतो. सिमेंटचा गिलावा हे करत नाही. तो कडक असतो, चिकटून बसतो, आणि जमिनीतून किंवा छतातून आलेलं पाणी आतच कोंडून ठेवतो. मग दगड आतून भुसभुशीत होतो आणि एक दिवस सिमेंटचा पापुद्रा दगडाचं कातडं घेऊनच सुटतो. म्हणून जुन्या वाड्याला "जरा मजबुती येऊ दे" म्हणत सिमेंट थापणारे ठेकेदार पाहिले की काळजी वाटते.

थोडक्यात काय, बॉम जीझसचा गिलावा हा वरचा मेकअप नव्हता. तो इमारतीचा एक कामाचा भाग होता. कास्त्रोसाहेबांनी तो सजावट समजून काढून टाकला.

परत लावायचा की नाही?

तर आता वाद असा. २०२० मध्ये खुद्द बॅसिलिकाच्या रेक्टरांनी जाहीरपणे तक्रार केली की छताचं काम अर्धवट आहे, पावसाने इमारतीचं नुकसान होतंय. त्यानंतर गिलाव्याचा विषयही जोरात पुढे आला. काही जतनतज्ज्ञ म्हणतात, चुन्याचा गिलावा परत चढवा, नाहीतर दगड झिजून जाईल. विरोधी बाजूलाही वजन आहे, तीही ऐकली पाहिजे.

त्यांचा पहिला मुद्दा भावनेचा. आज हयात असलेल्या बहुतेक गोवेकरांनी हे चर्च लालच पाहिलंय. तेच पांढरं झालं तर त्यांना परकं वाटेल. दुसरा मुद्दा तत्त्वाचा. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार वास्तूवर प्रत्येक काळाने जी मोलाची भर घातली तिचा मान राखायचा असतो. मग लाल रूप हाही एक इतिहासच नाही का? तिसरा मुद्दा तांत्रिक. सत्तर पावसाळे खाल्लेल्या, क्षार भरलेल्या दगडावर नवा चुना नीट धरेल का? आणि चुन्याचं काम जाणणारे गवंडी आज किती उरलेत?

हा वाद नवा नाही. ज्या व्हिओले-ल्-द्यूकने व्हेझले वाचवलं, तोच पुढे जुन्या वास्तूंना आपल्या कल्पनेतलं 'परिपूर्ण' रूप द्यायला लागला. इंग्लंडमध्येही तेव्हा मध्ययुगीन चर्चच्या भिंतींवरचा गिलावा खरवडून दगड उघडा करण्याचं खूळ पसरलं होतं. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. तिचं टोपणनावच पडलं 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडविरोधी! त्यांचं म्हणणं साधं होतं. नटवू नका, रोजची निगा राखा. म्हणजे कास्त्रो गोव्यात हातोडी घेऊन पोहोचले त्याच्या पंच्याहत्तर वर्षं आधीच हा धडा छापून झाला होता.

माझ्या मते यात इंजिनिअरने भावनेच्या किंवा तत्त्वाच्या बाजूने घोषणा देण्यापेक्षा मोजमाप मागावं. सहज नजरेत न येणाऱ्या एखाद्या भिंतीचा तुकडा घ्या. त्यावर चुन्याच्या दोन-तीन वेगवेगळ्या मिश्रणांचे नमुने लावा, शेजारी उघडी भिंत तशीच ठेवा. चार पावसाळे दोन्हींतला ओलावा, क्षार आणि झीज मोजा. जांभा खरंच वेगाने झिजत असेल तर लाल रंगाचं प्रेम बाजूला ठेवावं लागेल, कारण झिजून गेलेला दगड परत आणता येत नाही आणि गिलावा मात्र कधीही काढता येतो. जो निर्णय उलटवता येतो तो आधी घ्यावा. प्रयोगशाळेतही आपण तेच करतो. व्हॉल्टेज हळूहळू वाढवतो, एकदम नाही.

आणि गिलाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नसलेलं एक काम आहे. छत, पन्हळ, पाण्याचा निचरा. ऑगस्टिनियन मठ तेवढ्यानेच गेला. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत झेवियर यांचं शवप्रदर्शन झालं, लाखो भाविक आले. पण अशा सोहळ्याआधी होणारी रंगरंगोटी वेगळी आणि दर मे महिन्यात शिडी लावून छतावर चढणं वेगळं. दुसऱ्या कामाचा फोटो पेपरात येत नाही, म्हणून ते मागे पडतं.

आता तुम्ही म्हणाल, माणमध्ये बसून आपला याच्याशी काय संबंध? आजूबाजूला काचेच्या इमारती, मेट्रोचे खांब, इथे जांभा कुठे आणि चुना कुठे? संबंध आहे. आपल्यातले अर्धेअधिक जण पुढे काहीतरी बांधणार आहेत. पूल असेल, पाइपलाइन असेल, नाहीतर सॉफ्टवेअर. बांधणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं. सांभाळणाऱ्याचं कुठेच लागत नाही. ऑगस्टिनियन मठात १८३५ पर्यंत दर उन्हाळ्यात कौलं शाकारणाऱ्या माणसांचं एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. ती थांबली तेव्हा मात्र सात वर्षांत सगळ्यांना कळलं.

जुन्या गोव्यात गेलात तर अर्धा तास जास्त काढा. आधी टेकडीवर जा. अर्ध्या मनोऱ्याच्या तुटलेल्या कडेला कमानीची सुरुवात दिसते का शोधा, भिंतीवरच्या टाइल्स पाहा, हात लावू नका. मग खाली येऊन बॉम जीझसच्या बाजूच्या भिंतीजवळ उभे राहा. दगडातली भोकं नीट निरखा आणि मग दर्शनी भागावरचा वसईचा काळा दगड पाहा. चारशे वर्षांनंतर कुणाची धार टिकलीय ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि जमलं तर मान वर करून पन्हळ तेवढी बघून घ्या. त्यात पिंपळाचं रोपटं दिसलं तर कार्यालयात जाऊन सांगा. कुणीतरी सांगावं लागतंच.